दगडासाठी रूळ : क्विन्सीची ग्रॅनाइट रेल्वे

कोळसा फावड्याने भरता येतो, धान्य पोत्यात, तेल पिंपात. माल कितीही असो, त्याचे भाग पाडता आले की माणसं, बैल, घोडे कसाबसा तो हलवतातच. घडीव दगडाचं तसं नाही. पाच टनांचा चिरा पाच टनांचाच राहतो. सोयीसाठी त्याचे दोन तुकडे केले तर तो चिराच उरत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सी नावाचं गाव आहे. तिथे १८२६ साली धावू लागलेल्या रेल्वेकडे या अडचणीपासून पाहायला हवं. सहसा तसं होत नाही. ‘अमेरिकेतली पहिली व्यापारी रेल्वे’ हे बिरुद आधी पुढे येतं आणि सगळी चर्चा ती पहिली होती की नव्हती, यातच संपते.

तो वाद आधीच मिटवून टाकू. क्विन्सीची रेल्वे पहिली नव्हती. बॉस्टनमध्येच बीकन टेकडीची माती खाली आणायला १८०५ मध्ये तात्पुरते रूळ टाकले होते. पेनसिल्व्हेनियात थॉमस लायपरने १८१० साली आपल्या खाणीतला दगड घोड्यांच्या रेल्वेने न्यायला सुरुवात केली होती, म्हणजे दगडाच्या बाबतीतही पहिला मान दुसऱ्याचाच. क्विन्सीच्या रेल्वेला राज्याची सनद होती आणि ती पुढे अनेक दशकं टिकली, हे तिचं वेगळेपण. इतकं मान्य केलं की खऱ्या प्रश्नाकडे वळता येतं : एकाच कामासाठी घाईघाईने बांधलेल्या तीन मैलांच्या मार्गाने नेमकं काय साधलं, आणि आज त्यातलं काय उरलंय?

स्मारक आणि त्याचा दगड

१७ जून १७७५ रोजी बॉस्टनसमोरच्या चार्ल्सटाउनमध्ये वसाहतींच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली. ती बंकर हिलची लढाई म्हणून ओळखली जाते. तिच्या स्मारकासाठी १८२३ मध्ये एक संस्था स्थापन झाली. लढाईला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, १७ जून १८२५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या आणि आता फ्रान्सहून आलेल्या वयोवृद्ध मार्की द लाफायेत यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली आणि नामांकित वक्ते डॅनियल वेब्स्टर यांचं भाषण झालं. ठरलं होतं ते असं : २२१ फूट उंचीचा, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, संपूर्ण ग्रॅनाइटचा.

वास्तुविशारद होता सॉलोमन विलर्ड. मूळचा सुतार, स्वतःच्या हिमतीवर कोरीवकाम आणि वास्तुकला शिकलेला. योग्य दगडाच्या शोधात तो तीनशे मैल पायी फिरला असं सांगतात. आकडा थोडा फुगला असेल, पण शोध कसून झाला यात शंका नाही. अखेर क्विन्सीच्या टेकड्यांमध्ये त्याला हवा तो दगड सापडला. या कामासाठी त्याने पगार घेतला नाही, फक्त खर्च घेतला.

क्विन्सीचा ग्रॅनाइट इतर ग्रॅनाइटांहून वेगळा आहे. बहुतेक ग्रॅनाइटमध्ये अभ्रकाच्या चकत्या असतात आणि पॉलिश करताना त्या निघून येतात, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. क्विन्सीच्या दगडात अभ्रक जवळपास नाहीच. त्याच्या जागी गडद रंगाची, सोडियमयुक्त खनिजं आहेत. म्हणून हा दगड काळसर राखाडी, थोडी हिरवट झाक असलेला दिसतो, आणि घासला की आरशासारखा चमकतो. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वाढलेल्या वाचकाला हा दगड लांबून ओळखीचा वाटेल. मात्र बेसाल्ट लाव्हा थंड होऊन बनतो, आणि हा दगड जमिनीच्या पोटात, खूप खोलवर, सावकाश थिजलेला आहे. दोघांचे कण वेगळे, फुटण्याची रीत वेगळी.

फुटण्याच्या रीतीवर दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिच्याशिवाय खाण समजत नाही. अठराव्या शतकात क्विन्सीचे लोक खाण खणत नसत. जमिनीवर पडलेल्या धोंड्यांवरच त्यांचं भागत असे. बॉस्टनचं किंग्ज चॅपल हे चर्च १७५० च्या सुमारास अशाच धोंड्यांतून उभं राहिलं. धोंडा आगीने तापवायचा आणि त्यावर उंचावरून लोखंडाचा जड गोळा टाकायचा. फुटला तर फुटला, कसा फुटेल ते नशिबावर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ओळीत भोकं पाडून त्यांत लोखंडी पाचरी ठोकायची पद्धत आली आणि दगड हव्या त्या रेषेवर उकलू लागला. पुढे गोल भोकात दोन वाकड्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर, अशी सुधारणा झाली. पाथरवट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रत्येक पाचरीवर आळीपाळीने घण मारत जातो आणि त्याचा कान आवाजावर असतो. पाचर पकड घेते तसा तिचा नाद बदलतो, आणि मग सगळा दगड एका सरळ रेषेत उघडतो. ग्रॅनाइटला नस असते : एका दिशेने तो सहज उकलतो, दुसरीने जरा कष्टाने, तिसरीने नाइलाजाने. ही नस ओळखणारा माणूस खाणीत सगळ्यात महाग.

थोडक्यात, १८२५ पर्यंत दगड शोधला गेला होता आणि तो हव्या त्या मापात काढायची कलाही हाती होती. प्रश्न होता तो चार्ल्सटाउनला न्यायचा. रस्त्याने अंतर बारा-एक मैल, मध्ये बॉस्टन शहर आणि नद्यांची मुखं.

ब्रायंट आणि पर्किन्स

इथे ग्रिडली ब्रायंट येतो. १७८९ मध्ये सिच्युएट या किनाऱ्यावरच्या गावात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो बॉस्टनच्या एका गवंड्याकडे उमेदवारीला लागला. १८२३ मध्ये त्याने हलवता येणारी डेरिक बनवली, म्हणजे जड दगड उचलून हव्या त्या जागी ठेवणारी यारी. शिक्षण थोडं, हात आणि नजर पक्की. इंग्लंडमध्ये सप्टेंबर १८२५ मध्ये स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली होती आणि तिच्या बातम्या बॉस्टनला पोचत होत्या. खाणीपासून नेपॉन्सेट नदीच्या धक्क्यापर्यंत रूळ टाकावेत आणि तिथून दगड पाण्यावरून न्यावा, अशी कल्पना ब्रायंटने मांडली.

स्मारक समितीला फारसा विश्वास वाटला नाही. विधिमंडळात तर त्याहून कमी. लोकांना ज्याची काहीच माहिती नाही अशा कामासाठी लोकांच्याच जमिनी घ्यायच्या का, असा प्रश्न तिथे विचारला गेल्याचं ब्रायंटने म्हातारपणी लिहून ठेवलंय. खरं तर प्रश्न रास्त होता. पुढच्या दोनशे वर्षांत प्रत्येक रेल्वे, धरण आणि महामार्गाच्या वेळी तो विचारला गेला आणि बहुतेक वेळा उत्तर न देताच पुढे गेला. शेवटी ४ मार्च १८२६ रोजी गव्हर्नर लेव्ही लिंकन यांनी सनदेवर सही केली.

पैसा प्रामुख्याने एकाच माणसाने घातला : थॉमस हँडासिड पर्किन्स. बॉस्टनचा बडा व्यापारी, चीनच्या व्यापारात गब्बर झालेला. त्या व्यापारात तुर्कस्तानच्या स्मर्ना बंदरातून चीनच्या कँटन बंदराला जाणारी अफू होती. त्याच काळात मुंबईचे शेटजी माळव्याची अफू त्याच कँटनला धाडत होते आणि त्या नफ्यातून मुंबईत इस्पितळं, शाळा, पूल उभे राहत होते. बॉस्टनमध्येही तसंच झालं. पुढे हेलन केलर जिथे शिकली ती अंध मुलांची शाळा पर्किन्सच्या नावाने आहे, कारण त्याने आपलं घर तिला दिलं होतं. औद्योगिक वारशाच्या पाट्यांवर भांडवल कुठून आलं हे सहसा लिहिलेलं नसतं. इथे ते लिहायला हवं असं मला वाटतं.

सहा महिने, तीन मैल

१ एप्रिल १८२६ ला काम सुरू झालं आणि ७ ऑक्टोबरला पहिला माल धावला. हा मधला काळ क्विन्सीसाठी एरवीही लक्षात राहण्यासारखा होता : गावातच राहणारे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, वारले. गावच्या नव्या चर्चसाठी दगड निघावा म्हणून त्यांनी १८२२ मध्येच आपली खाणीची जमीन गावाला देऊन ठेवली होती. ते चर्च १८२८ मध्ये त्याच ग्रॅनाइटचं उभं राहिलं आणि आज त्याच्या तळघरात ॲडम्स पिता-पुत्र, दोघेही राष्ट्राध्यक्ष, आपापल्या पत्नींसह चिरविश्रांती घेत आहेत.

रुळांची रचना अशी. आठ-आठ फुटांवर दगडी स्लीपर आडवे टाकले, हिवाळ्यात गोठून जमीन फुगते तिचा त्रास होऊ नये म्हणून पाया खोल घेतला. त्यावर बारा इंच उंचीचे लाकडी रूळ आणि त्यांच्या माथ्यावर तीन इंच रुंद, पाव इंच जाड लोखंडी पट्टी. जिथे रस्ता ओलांडायचा तिथे मात्र लाकडाऐवजी दगडाचाच रूळ आणि त्यावर अर्धा इंच जाड पट्टी. दोन रुळांमधलं अंतर पाच फूट, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा सहा इंच कमी. काही वर्षांत लाकूड कुजू लागलं, तेव्हा उरलेल्या मार्गावरही दगडी रूळच घालण्यात आले. दगडाच्या रेल्वेला दगडाचेच रूळ, आणि तेही त्याच खाणीतले. ओढायला घोडे; वाफेचं इंजिन या मार्गावर यायला अजून पंचेचाळीस वर्षं होती.

पहिल्या दिवशी तीन गाड्यांवर सोळा टन दगड चढवला. गाड्यांचं स्वतःचं वजन पाच टन. एकूण एकवीस टन वजन एका घोड्याने तीन मैलांहून जास्त अंतर विनासायास ओढलं, असं बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. साध्या रस्त्यावर एक घोडा टनभर ओझं ओढतो, ते डोळ्यांसमोर ठेवलं म्हणजे लोक का पाहायला जमले ते कळतं. अर्थात वाट नदीकडे उतरती होती. भरलेली गाडी खाली, रिकामी वर. उतार घोड्याच्या बाजूने होता. खाण डोंगरात आणि धक्का पाण्याशी हा योग नसता तर हा आकडा इतका देखणा दिसला नसता.

माझ्या मते खरी कामगिरी रुळांची नाहीच. ती आहे दगड गाडीवर चढवण्या-उतरवण्याची आणि वळवण्याची.

ब्रायंटच्या गाडीची चाकं सुमारे साडेसहा फूट व्यासाची होती. ती पाहिल्यावर वाटतं, एवढी उंच गाडी कशासाठी, जड दगड इतका वर चढवणार कोण? उत्तर असं की दगड वर चढवायचाच नाही. आसांच्या खाली साखळ्यांनी एक फळी टांगलेली असे. ती जमिनीवर सोडायची, तिच्यावर दगड सरकवायचा, मग गाडीच्या माथ्यावरच्या यंत्राने साखळ्या ओढून फळी जमिनीपासून जरा उचलायची, बस. ओझं आसाच्या खाली लोंबतं, गाडी कलंडायची भीती कमी. ज्या मालाचे भाग पडत नाहीत त्याला उचलण्यापेक्षा त्याच्याभोवती गाडी रचणं सोपं, हा सगळा विचार त्या एका फळीत आहे.

एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा, गाडी जागच्या जागी फिरवणारं टर्नटेबल, खाणीतली डेरिक, हे सगळं ब्रायंटने या मार्गासाठी बसवलं. इंग्लंडमध्ये यातल्या काही गोष्टी वेगळ्या रूपात आधीच होत्या, त्यामुळे ‘शोध’ हा शब्द जपून वापरलेला बरा. पण लांब खांबांसाठी त्याने जे केलं ते महत्त्वाचं आहे. खांब एका चार चाकी गाडीवर मावत नव्हता. म्हणून त्याने अशा दोन गाड्या घेतल्या, त्यांच्यावर आडवा मंच टाकला आणि प्रत्येक गाडी मंचाखाली एका खिळीभोवती स्वतंत्र फिरेल अशी जोडली. वळणावर पुढची चार चाकं एका दिशेने वळतात, मागची चार आपल्या वेळी. आज आपण ज्या डब्यांतून प्रवास करतो त्या प्रत्येकाखाली दोन बोगी, म्हणजे चाकांचे दोन फिरते सांगाडे, याच तत्त्वावर फिरतात.

ब्रायंटने यातल्या कशाचंही पेटंट घेतलं नाही. बाल्टिमोरच्या रॉस वाइनन्सने १८३४ मध्ये आठ चाकी डब्याचं पेटंट घेतलं आणि पुढे रेल्वे कंपन्यांवर दावे लावले. कंपन्यांच्या बचावात क्विन्सीची गाडी पुरावा म्हणून पुढे आली, स्वतः ब्रायंटने साक्ष दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये निकाल वाइनन्सच्या विरोधात लागला. कंपन्यांचे लाखो डॉलर वाचले. ब्रायंट १८६७ मध्ये गरिबीत वारला.

उताराचा पट्टा

१८३० मध्ये वरच्या पाइन लेज खाणीतला दगड खालच्या रुळापर्यंत आणायला एक उताराचा पट्टा बांधला गेला. लांबी ३१५ फूट, उंचीतला फरक ८४ फूट. अखंड साखळीला गाड्या अडकवलेल्या. भरलेली गाडी आपल्या वजनाने खाली येते आणि त्याच वेळी रिकामीला वर ओढते. वरच्या टोकाला वजनांनी तोललेला एक झुलता मंच होता. खाणीतून आलेली गाडी त्यावर आली की तो उताराच्या कोनात वाकायचा आणि ती उतरली की आपोआप पुन्हा सपाट व्हायचा. मंचावरून गाडी पुढे निसटू नये म्हणून आपोआप वर येणारा अडसरही होता. वाफ नाही, वीज नाही. जे काही होतं ते वजन आणि तोल.

२५ जुलै १८३२ रोजी पाहायला आलेल्या चार पाहुण्यांना वर जाणाऱ्या रिकाम्या गाडीत बसवलं होतं. साखळी तुटली. गाडी मागे घसरून कड्यावरून सुमारे चौतीस फूट खाली गेली. क्युबाहून आलेला एक पाहुणा जागीच ठार झाला, बाकीचे जबर जखमी झाले. हा ‘अमेरिकन रेल्वेवरचा पहिला जीवघेणा अपघात’ म्हणून अनेक ठिकाणी छापलेला सापडतो. तेही खरं नाही : आदल्या वर्षी, १८३१ च्या जूनमध्ये साउथ कॅरोलायनात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि त्यावरचा आगवाला त्यात गेला. ‘पहिला’ या शब्दाचा मोह क्विन्सीला बराच आहे. अपघातातून शिकण्यासारखी गोष्ट निराळी : दगडासाठी आखलेल्या यंत्रात माणसांना बसवलं होतं. साखळी तुटली तर काय, याचा विचार दगडाच्या बाबतीत केला नाही तरी फार तर दगड फुटतो.

फायदा नेमका कुणाला झाला

रेल्वे सहा महिन्यांत झाली. स्मारकाला कोनशिलेपासून सतरा वर्षं लागली. शेवटचा चिरा २३ जुलै १८४२ ला वर चढला, लोकार्पण १७ जून १८४३ ला झालं आणि भाषणाला पुन्हा वेब्स्टरच. मधल्या काळात पैसे संपून काम दोनदा बंद पडलं. संस्थेने रणभूमीचाच बराचसा भाग प्लॉट पाडून विकला. शेवटी १८४० मध्ये सॅरा जोसेफा हेल या संपादिकेने पुढाकार घेतला, न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांतल्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तूंचा मेळा बॉस्टनमध्ये भरला आणि आठवडाभरात सुमारे तीस हजार डॉलर उभे राहिले. अमोस लॉरेन्स आणि ज्यूडा तूरो यांनी प्रत्येकी दहा हजार दिले. स्मारक पुरं झालं ते शिवणकाम, मुरंबे आणि देणग्यांच्या जोरावर. वाहतुकीचा वेग ही त्याची अडचण कधीच नव्हती.

शिवाय वाहतुकीचं गणितही वरून दिसतं तितकं सोपं नव्हतं. दगड खाणीत गाडीवर चढायचा, धक्क्यावर उतरून गलबतात जायचा, चार्ल्सटाउनला पुन्हा उतरायचा आणि तिथून टेकडीवर ओढला जायचा. प्रत्येक वेळी डेरिक, माणसं, वेळ, आणि कोपरे फुटण्याची धास्ती. बैलांच्या जोड्या लावून रस्त्याने नेला तर दगड एकदा चढतो, एकदा उतरतो. रेल्वेने तीन मैलांचा प्रश्न सोडवला, बारा मैलांचा नाही. पुढे शंभर वर्षं जगभरच्या रेल्वेंनी तेच भोगलं : जिथे मार्ग संपतो तिथे खर्च सुरू होतो.

फायदा झाला तो क्विन्सीच्या दगडाला. एकदा मार्ग तयार झाल्यावर अवाढव्य चिरे पुरवणं ही गावाची ओळख बनली. चार्ल्सटाउनच्या नौदल गोदीतली सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज दुरुस्त करायची जागा, १८३३ मध्ये तयार झाली ती या दगडाची. बॉस्टनचं कस्टम हाउस १८३७ ते १८४७ या काळात बांधलं गेलं. त्याला एकेका अखंड दगडातून काढलेले बत्तीस खांब आहेत, प्रत्येक सुमारे बेचाळीस टनांचा. १८५१ च्या वादळाने मिनट्स लेज या खडकावरचं लोखंडी दीपगृह दोन मदतनिसांसह समुद्रात गेलं, तेव्हा १८६० मध्ये त्याच्या जागी उभं राहिलेलं दीपगृह क्विन्सीच्या एकमेकांत खाचा बसवलेल्या चिऱ्यांचं होतं. ते अजून उभं आहे.

हात आणि फुप्फुसं

खाणीत आधी आसपासचे यांकी, म्हणजे न्यू इंग्लंडचेच जुने रहिवासी, मग आयरिश, पुढे स्कॉटलंडच्या ॲबर्डीनकडचे, स्वीडिश, फिनिश, इटालियन. ॲबर्डीनही ग्रॅनाइटचंच शहर, त्यामुळे तिथले कारागीर आपली हत्यारं आणि रीत घेऊनच आले. ग्रॅनाइट घडवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८७७ मध्ये मेन राज्यात स्थापन झाली आणि पुढे तिचं मुख्य कार्यालय क्विन्सीत होतं. कौशल्य असलेल्यांना मजुरी त्या काळाच्या मानाने बरी मिळे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाबाच्या हवेवर चालणारी छिन्नी आली आणि हिशेब बदलला. हाताने घडवताना कपच्या उडत. नव्या हत्याराने बारीक भुकटी उडू लागली, तीही हिवाळ्यात दारं बंद केलेल्या शेडमध्ये. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर. ती धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार, आणि त्याच्या मागोमाग क्षय. बेसाल्टमध्ये स्वतंत्र क्वार्ट्झ जवळपास नसतो, म्हणून सह्याद्रीतल्या पाथरवटाच्या अनुभवावरून याची कल्पना येणार नाही.

व्हरमाँटमधल्या बेअरी या दुसऱ्या ग्रॅनाइटच्या गावात १९२० च्या दशकात सरकारी आरोग्य खात्याने शेडमधली धूळ मोजली, कामगार तपासले, आणि धूळ किती कमी केली म्हणजे आजार थांबेल याचा अंदाज बांधला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे धूळ ओढून घेणारे पंखे सर्वत्र बसू लागले. तोवर एक पिढी गेली होती. क्विन्सीच्या रेल्वेबद्दल जितकं लिहिलं जातं त्याच्या दहाव्या हिश्शानेही या धुळीबद्दल लिहिलं जात नाही. ब्रायंटची गाडी चित्रात छान दिसते, हे त्याचं एक कारण असावं.

उपयोगी होतं ते गेलं

१८७१ मध्ये ओल्ड कॉलनी रेल्वेने ग्रॅनाइट रेल्वेची वाट विकत घेऊन तिच्यावर वाफेच्या गाड्यांची शाखा बांधली. १८९३ मध्ये ती न्यू हेवन रेल्वेकडे गेली. विसाव्या शतकात काँक्रीट आणि पोलादाने इमारती घेतल्या, थडग्यांचा धंदा बेअरीच्या फिकट, घडवायला सोप्या दगडाकडे सरकला आणि क्विन्सीच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. शेवटची १९६३ मध्ये. त्याआधीच, १९५० च्या दशकात, रेल्वेच्या वाटेचा मोठा भाग बॉस्टनच्या आग्नेय द्रुतगती महामार्गाखाली गेला. आज त्या भागावरून रोज हजारो मोटारी जातात. वाट उपयोगाची होती, सपाट होती, कायद्याने मोकळी होती. म्हणूनच ती टिकली नाही.

उताराचा पट्टा टिकला, कारण त्याचा दुसरा कशालाच उपयोग नव्हता. १९२० च्या दशकात त्याच्या दगडी रुळांवर लोखंडी पन्हळ बसवून मोटार-ट्रक दोराने वर-खाली ओढण्यात आले आणि १९४० च्या दशकापर्यंत तो चालला. मग बंद पडला तो तसाच राहिला. १९७३ मध्ये त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली आणि १९७६ मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने ग्रॅनाइट रेल्वेला मानाचं स्थान दिलं. आज दिसतात ते दगडी रूळ आणि त्यांवरचं लोखंड ब्रायंटच्या काळातलं आणि ट्रकच्या काळातलं एकमेकांत मिसळलेलं आहे. काही जाणकारांना ही भेसळ खटकते. मला ती आवडते. सनदेच्या तारखेपेक्षा एकशेदहा वर्षांचा वापर तिथे वाचता येतो, आणि मूळ स्वरूपाच्या नावाखाली ते पन्हळ काढून टाकलं असतं तर खरी गोष्ट अर्धी गेली असती.

खाणींचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यात अवघड होता. पंप बंद झाल्यावर शेकडो फूट खोल खड्डे पाण्याने भरले. उंच सरळ कडे, खाली थंडगार हिरवं पाणी. उन्हाळ्यात पोरं उड्या मारायला येणारच. पाण्याखाली जुने खांब, टाकून दिलेल्या मोटारी. वर्षांमागून वर्षं मुलं मरत राहिली, आणि मृतदेह शोधायला उतरणाऱ्या पाणबुड्यांचे जीवही धोक्यात येत राहिले. कुंपणं घातली, ती तुटली. १९८५ मध्ये महानगर उद्यान विभागाने ग्रॅनाइट रेल्वेची जुनी खाण धरून बावीस एकर जागा घेतली. उत्तर आलं ते अनपेक्षित दिशेने. बॉस्टन शहराखालून बोगदे खणण्याच्या ‘बिग डिग’ प्रकल्पातून निघालेली माती टाकायला जागा हवी होती, आणि क्विन्सीला भर हवी होती. शतक संपता संपता ती माती मुख्य खाणींत ओतली गेली. गंमत अशी की ज्या आंतरराज्य महामार्गाच्या बोगद्यातून ती आली, तोच महामार्ग क्विन्सीजवळ जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जातो.

भराव घालण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. मुलं मरत असताना खोलीचं सौंदर्य जपा म्हणणं निर्दयपणाचं होतं. पण त्याने काय गमावलं तेही सांगायला हवं. आज तिथे जाणाऱ्याला हिरवळीवरून उठलेले पन्नास-साठ फुटी कडे दिसतात, ते नैसर्गिक टेकडीसारखे भासतात. माणसं या हिरवळीच्या किती तरी खाली, डेरिकच्या दोराला लोंबकळत कामाला उतरायची, हे जागा पाहून कळत नाही. भराव घालतानाच एखाद्या कड्यावर मूळ तळाची खोली खोदून दाखवता आली असती, आणि ती संधी गेली.

आता तिथे गिर्यारोहक दोर बांधून चढतात आणि रंगाच्या फवाऱ्यांनी कडे मजल्यामजल्यांनी रंगलेले आहेत. उद्यान खात्याला हे रंग नकोत. रंगवणाऱ्या मुलांना ती आपली भिंत वाटते. वारशाच्या दृष्टीने पेच असा की पाचरीसाठी पाडलेल्या भोकांच्या अर्धगोल खुणा, ज्यांवरून कोणता कडा कोणत्या पद्धतीने फुटला हे वाचता येतं, त्या रंगाच्या थरांखाली बुजत आहेत. दाबाने वाळू मारून रंग काढला तर खुणांच्या कडाच झिजतात. रसायनं लावली तर ती खालच्या मातीत मुरतात. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे दोन-तीन कडे निवडून तेवढेच हाताने साफ ठेवणं, त्यांवरच्या भोकांची नोंद छायाचित्रांसह करणं आणि बाकीचे कडे रंगवणाऱ्यांसाठी सोडून देणं. उताराच्या पट्ट्याला लागून असलेला कडा त्यासाठी पहिला निवडावा, कारण तिथे खाण आणि वाहतूक दोन्ही एकाच नजरेत येतात, आणि धुळीने गेलेल्या माणसांबद्दलची पाटी लावायचीच झाली तर तिलाही जागा तीच योग्य.